शांत पोरीचं बक्षीस

प्रमिलाबाई आमच्या अंगणवाडीत तेडागर आहेत. महाराष्ट्रात ज्यांना मदतनीस म्हणतात, त्यांना गुजरातेत तेडागर म्हणतात. घरोघर फिरून पोरांना तेडून, म्हणजे बोलावून आणणारी बाई. मी कार्यकर, तिकडची सेविका. म्हणजे खुर्ची माझी, सरकारी फोन माझा, वरून येणाऱ्या शिव्याही माझ्या. पोरं मात्र त्यांची. बारा वर्षं आम्ही एका खोलीत काम करतोय आणि अजून एकाही पोराने आल्या आल्या माझ्याकडे धाव घेतलेली नाही. आता मला त्याचं वाईटही वाटत नाही. वाईट वाटायला अंगात जोर लागतो.

आमची अंगणवाडी सुरतेच्या लिंबायतमध्ये आहे. एका बाजूला लूमचे कारखाने, दुसऱ्या बाजूला लूमचे कारखाने, मध्ये गल्ली आणि गल्लीत खानदेश. चोपडा, अमळनेर, शिरपूर, पारोळा, सगळा मुलूख इथे एकेका खोलीत मावलाय. माझे आईवडील बुलढाण्याचे, मी जन्मले इथल्याच उधन्यात, त्यामुळे मला अहिराणी समजते पण बोलता येत नाही. प्रमिलाबाईंना दुसरं काही बोलता येत नाही. गुजरातीही त्या अहिराणीतच बोलतात, आणि गुजराती माणसांना ती कळते, हे एक नवलच.

सकाळी नऊला त्या निघतात. हातात साडीच्या लेसची सात-आठ वार लांब पट्टी. आमच्याकडे घराघरात साड्यांवर टिकल्या लावायचं आणि लेस शिवायचं काम चालतं, त्यामुळे पट्टीला तोटा नाही. त्या पट्टीला गाठी मारलेल्या आहेत आणि प्रत्येक पोराची गाठ ठरलेली आहे. दुसऱ्याच्या गाठीला हात लावला तर भर रस्त्यात मारामारी. पुढचं टोक बाईंच्या मनगटाला, मागे बावीस पोरं. रिक्षा, टेम्पो, मोकाट गाई, सगळ्यांच्या मधून ही वरात येते. त्या मागे वळून बघत नाहीत. कोण ओढतंय, कोण चपलेत अडकलंय, कोण आज रुसलंय, ते त्यांना पट्टीवरून कळतं. मी एकदा थट्टा केली, "मावशी, मनगटात मशीन बसवलंय का?" तर म्हणाल्या, "गुडघामा बसाडी दे, वृषालीबेन. तठे गरज शे."

गुडघे गेलेत त्यांचे. वय सत्तावन्न, म्हणजे त्या सांगतात ते. सोळाव्या वर्षी लग्न होऊन चोपड्याकडून सुरतेला आल्या त्या सुकलालभाऊंचा हात धरून. सुकलालभाऊंनी पस्तीस वर्षं लूम चालवले आणि दोन्ही कान लूमला देऊन टाकले. आता ठार बहिरे आहेत. आणि काम काय करतात, तर एका गोडाऊनवर रात्रीचे वॉचमन. बहिरा वॉचमन फक्त आमच्या सुरतेत मिळेल. दिवसा घरी झोपतात. त्यांच्या खोलीत नवरा-बायको बोलू लागले की चार खोल्यांपलीकडच्यांनाही समजतं आज भाजी कुठली.

आता सरस्वतीचं सांगते. सरस्वती म्हणजे प्रमिलाबाईंच्या सख्ख्या भावाची, भाऊरावांची मुलगी. तिच्या बारशाला पाळण्यात वाकून तिच्या कानात नाव सांगितलं ते प्रमिलाबाईंनी. आत्याचा मान तो. पुढे तिच्यासाठी स्थळही त्यांनीच आणलं. योगेंद्र. सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ऑपरेटर, कायम रात्रपाळीला. दारू नाही, विडी नाही, गुटख्याची पुडीसुद्धा नाही. आमच्या गल्लीत असा जावई मिळणं म्हणजे देव पावण्यासारखं. मोठ्यांच्या पाया पडणारा, हळू बोलणारा, प्रमिलाबाईंशीही अहिराणी सोडून पुस्तकी मराठीत बोलणारा. प्रमिलाबाई जिथे जातील तिथे त्याचं कौतुक. मीसुद्धा माझ्या नवऱ्याला त्याचं नाव घेऊन टोमणे मारलेत. हे लिहून ठेवते, कारण खरं आहे.

त्यांना एकच मुलगी, हर्षदा. चार वर्षांची. पट्टीवरची सहावी गाठ तिची.

हर्षदा इतकी शांत की तिचं असणं विसरायला व्हायचं. प्रमिलाबाई म्हणायच्या, सगळ्या गाठी ओढतात, हिची गाठ तेवढी हलत नाही, म्हणून हिच्यासाठी मला मागे वळून बघावं लागतं. खोलीत आली की कोपरा धरून बसायची. खेळणं दिलं तर घ्यायची, हातात धरून ठेवायची, वाजवायची नाही. सुखडी, म्हणजे गुळपापडीची वडी, दिली तर आवाज न करता खायची. तीन-चार वर्षांची बावीस पोरं एका खोलीत ठेवली की काय होतं ते मला विचारा. माझं डोकं दुपारपर्यंत लूमसारखं वाजत असतं. त्यात हे एक पोर असं. मला ती आवडायची. दमलेल्या बाईला शांत पोरच आवडणार.

त्या वर्षी सव्वीस जानेवारीला भूपेंद्रभाई भांडीवाल्यांनी बक्षिसं म्हणून सहा छोट्या स्टीलच्या थाळ्या दिल्या. सहा थाळ्या म्हणजे सहा बक्षिसं शोधणं आलं. स्वच्छ मूल, हजेरी, गाणं, नाच, चित्र. पाच झाली. सहावं सुचेना. मग मी माईकवर सांगितलं, "सर्वात शांत मूल, हर्षदा योगेंद्र." सगळ्या आयांनी टाळ्या वाजवल्या. मी वर आणि सांगितलं, "बघा, असं असतं गुणी पोर. शिका जरा." हर्षदाने थाळी दोन्ही हातांनी घेतली आणि पोटाशी धरली, वाजू नये म्हणून.

त्याच दिवशी खाली उतरताना ती पायरीवरून पडली. गुडघा फुटला, रक्त आलं. तोंड उघडलं, डोळ्यांतून पाणी घळघळा वाहिलं, आणि आवाज काही आला नाही. टीव्हीचा आवाज बंद करून चित्र चालू ठेवावं तसं. मी म्हटलं, "किती शूर गं माझी बाय!" प्रमिलाबाईंनी तिला उचललं आणि बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी बालसंरक्षणाच्या तीन ट्रेनिंगला जाऊन आलेय. समोसा खाल्ला, चहा प्यायले, सही केली. आमच्या भिंतीवर तक्ता लावलाय, मुलावर अत्याचार होत असल्याच्या खुणा. घाबरणं, गप्प राहणं, अंगावर न पटणारे व्रण. मी त्याच तक्त्याखाली उभी राहून तिला शूर म्हटलं.

फेब्रुवारीत एकदा तिची चड्डी ओली झाली. बदलताना मला तिच्या पोटावर बेंबीच्या बाजूला दोन खुणा दिसल्या. लांबट, भाजल्याच्या, खपली धरलेल्या. मी प्रमिलाबाईंना हाक मारली. त्यांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. मला आठवतंय तो, कारण त्याबरोबर माझाही झाला.

"डागणी शे," त्या म्हणाल्या. "पोटफुगी व्हयनी व्हई, म्हणून दिधी व्हई. आम्हनाकडे देतस. मना पोटवरबी शेतस."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. खानदेशात, आणि इतरही बऱ्याच ठिकाणी, लहान मुलाचं पोट फुगलं, ताप उतरेना, तर गावातला जाणता माणूस तापलेल्या लोखंडाने पोटावर चटके देतो. रोग जळतो म्हणतात. प्रमिलाबाईंच्या पिढीत असे डाग नसलेलं पोट शोधावं लागेल. मी शिकलेली बाई, मला हे चुकीचं आहे हे पाठ आहे. पण चुकीचं आणि दुष्ट यात मी फरक केला. अडाणीपणा म्हणून सोडून दिलं. सुपरवायझरला फोन करायला हात गेला होता, तो मागे घेतला. रजिस्टरमध्ये लिहिलं, "पोटावर डागणीच्या खुणा. घरगुती उपचार. पालकांना समज दिली." मी कोणालाच समज दिली नव्हती. ते काम प्रमिलाबाईंनी अंगावर घेतलं. घरातली गोष्ट, घरात सांगते म्हणाल्या.

रविवारी त्या गेल्या. योगेंद्रने स्वतःच्या हाताने चहा केला त्यांच्यासाठी. त्यांनी भाचीजावयाला मायेने सांगितलं की जावईबापू, पोरीला गावठी डाग देऊ नका, दवाखान्यात न्या. अंगणवाडीत चड्डी बदलतात, बेन पाहते, लिहून ठेवते, उगाच भानगड व्हायची. तो हसला. त्यांच्या पाया पडला. "आत्या, तुम्ही म्हणाल तसं," म्हणाला. सरस्वती गॅसजवळ साडीला टिकल्या चिकटवत बसली होती, तिने मान वर केली नाही. सोमवारी येऊन प्रमिलाबाईंनी मला हे सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, जावई सोन्यासारखा आहे.

एप्रिल उजाडला. सुरतेच्या उन्हात डांबर पायाला चिकटतं. उन्हाळ्यात प्रमिलाबाईंचा नेम असा की पोरं आली की नळाखाली एकेकाचे पाय धुवायचे, पुसायचे, मग आत सोडायचं. कोणी सांगितलेलं काम नाही हे. मी म्हणायचे, "मावशी, तुमचेच पाय धुवायला माणूस पाहिजे." त्या ऐकायच्या नाहीत. त्या दिवशी त्या आल्या. पट्टी खुंटीला टांगली आणि मला हळूच म्हणाल्या, सहावी गाठ आज ओढत होती, एक ओढ, एक ढिली, एक ओढ, एक ढिली. म्हणजे पोर लंगडत आलंय.

हर्षदाची पाळी आली. डावा पाय तिने दिला, उजवा देईना. बोटं आवळून घेतली. प्रमिलाबाईंनी ओढलं नाही. आपला स्वतःचा पाय नळाखाली धरला, पाणी ओतलं, चोळला, आणि नुसत्या बसून राहिल्या. खूप वेळाने तिने आपणहून पाय पुढे केला.

तळव्यावर, मधल्या खळग्यात, तसाच लांबट व्रण होता. ओला. आणि त्याच्या शेजारी एक जुना, वाळलेला. चमच्याच्या दांड्याएवढा. आता एवढं जवळून पाहिल्यावर ते कळत होतं.

मी तिथेच उभी होते. प्रमिलाबाईंनी त्यावर फुंकर घातली. पोराच्या डोळ्यांतून पाणी आलं, आवाज नाही. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी अजून ऐकते. "हाऊ डाग नई शे, बेन. डागले जागा ऱ्हास." डागाला जागा असते. पोटाचा रोग पोटावर जाळतात. तळव्यावर कोणी जाळत नाही, कारण तळव्यावर रोग नसतो. तळव्यावर फक्त एक गोष्ट असते, की तिथे कोणी बघत नाही.

आणि मग त्या त्याच ओल्या ओट्यावर खाली बसल्या, साडी भिजली तरी. "मीच त्याले सांगं, पोट बेन देखस म्हणीसन. मीच त्याले जागा दाखाडी."

बारा वर्षांत त्यांना मी पहिल्यांदा रडताना पाहिलं. आवाज करून रडल्या त्या, छाती बडवून, गावाकडे रडतात तसं. बावीस पोरं नळाजवळ येऊन बघत राहिली. हर्षदा सगळ्यात जास्त बघत होती, मोठ्या माणसालाही एवढा आवाज करता येतो हे तिला नवीन असावं.

खरं सांगायचं तर पुढचा अर्धा तास मी नालायकासारखी वागले. मला हर्षदाच्या पायाआधी माझं रजिस्टर आठवलं. "घरगुती उपचार" हे माझ्या अक्षरात होतं. मी प्रमिलाबाईंना म्हटलं, दोन दिवस थांबू या, सरस्वतीशी बोलू या, तुमची भाची आहे, तुमच्याच माहेरची अब्रू आहे. प्रमिलाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "बोलनू ना एकदाव," म्हणाल्या. बोलून काय झालं ते त्या तळव्यावर होतं. "तक्तावर नंबर शे ना तो? लाव."

मी मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडून मुलगी हिंदीत विचारत होती, या अहिराणीत सांगत होत्या. मी कानाशी लागून म्हटलं, नाव नाही सांगितलं तरी चालतं, ते लोक नाव उघड करत नाहीत. त्यांनी माझा हात झटकला. स्वतःचं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, गाव सांगितलं, तालुका सांगितला. "मनंच लिख," म्हणाल्या. "पहिले खोटं मीच सांगेल शे."

त्याच दुपारी हेल्पलाइनची दोघं आली. एक जागृतीबेन, पन्नाशीच्या, दमलेल्या. आणि त्यांच्याबरोबर लिहून घेणारा एक तरुण, संदीप. जागृतीबेननी हर्षदाचा पाय पाहिला, तिला काही विचारलं नाही, नुसतं शेजारी बसून एक चित्र रंगवलं. मग आई-वडिलांना बोलावणं गेलं. योगेंद्र झोपेतून उठून आला होता, तरी केस विंचरलेले. सरस्वती त्याच्या मागे दोन पावलं. हर्षदा प्रमिलाबाईंच्या मागे गेली.

योगेंद्रने हात जोडले. शांतपणे सांगितलं, "साहेब, आमच्या समाजात डागणी देतात. चूक झाली असेल. पण हे आत्यांना माहीत आहे. त्यांनीच सांगितलंय बेनला. रजिस्टर बघा."

जागृतीबेननी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टर उघडून दिलं. माझं अक्षर चांगलं आहे, लांबूनही वाचता येतं. संदीप ते वाचून जागृतीबेनच्या कानात काहीतरी म्हणाला. मला दिसत होतं की आता काय होणार. समज देतील, सही घेतील, आणि पोरगी त्याच खोलीत जाईल.

प्रमिलाबाई पुढे आल्या. त्यांनी त्या दोन पुरुषांना तोंड फिरवायलाही सांगितलं नाही. पदर बाजूला केला, साडीची निरी खाली ओढली आणि पोट उघडं केलं. सत्तावन्न वर्षांचं, तीन बाळंतपणांचं, सुरकुतलेलं पोट. बेंबीभोवती पाच डाग, गोल, सारख्या अंतरावर, पन्नास वर्षं जुने.

"हाऊ डाग," त्या म्हणाल्या. "देखा. पाच. बेंबीना भवते." मग हर्षदाला उचलून तिचा तळवा समोर धरला. "हाई काय शे?"

त्यांनी पोट झाकलं नाही. योगेंद्रला विचारलं, दिवाळीनंतर तुम्ही गावाला गेलाच नाहीत, मग डाग कोणी दिला? सुरतेत कोण देतो? नाव सांगा त्याचं. तो म्हणाला, "आत्या, तुमचा गैरसमज होतोय." आवाज तसाच हळू. मग प्रमिलाबाई त्याच्याकडे बघायच्या थांबल्या आणि सरस्वतीकडे वळल्या. तुझ्या कानात नाव मी सांगितलं होतं, म्हणाल्या, याचं स्थळ मी आणलं, पोटावरचं बघून डागणी मीच म्हटलं. तीन वेळा मी बोलले. "मी चुकनू, माय. आते तू बोल."

सरस्वती जमिनीकडे बघत होती. बोटांना टिकल्यांचा डिंक लागलेला, तो ती नखाने काढत राहिली. मग म्हणाली, "तिना आवाज व्हयना की. त्याले दिवसा झोप लागस नई." तिचा आवाज झाला की रात्रपाळीवाल्याची झोप मोडायची. आणि थोड्या वेळाने, कोणी विचारलं नसताना, "चमचा गॅसवर ठेवस."

एवढंच. त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. दवाखाना, पोलीस, बालकल्याण समितीपुढचे हेलपाटे, अजून न संपलेली केस. योगेंद्र जामिनावर सुटून चलथाणला भावाकडे राहतो आणि त्याला पोरीजवळ यायची बंदी आहे. त्या दिवशी बाहेर पडताना जागृतीबेननी प्रमिलाबाईंचा पदर नीट केला आणि गुजरातीत आईला हाक मारतात तसं म्हणाल्या, "बा, तुमच्यावर पण लहानपणी अत्याचारच झालाय हा." मी ते अहिराणीत सांगायचा प्रयत्न केला. प्रमिलाबाईंना कळलं होतं. सगळे गेल्यावर त्या म्हणाल्या, आई सांगायची, डागणीने तू वाचलीस. पन्नास वर्षं मी तेच धरून बसले. नळावर गेल्या, तोंड धुतलं आणि खिचडीची भांडी घासायला घेतली. भांडी राहिली होती.

भाऊरावांचा गावाहून फोन आला. तू भाचीचा संसार मोडलास, आजपासून मला बहीण नाही. प्रमिलाबाईंनी ते सुकलालभाऊंना ओरडून सांगितलं आणि पूर्ण गल्लीने ऐकलं. मे महिन्यात त्यांच्या भाच्याचं, प्रमोदचं लग्न झालं. आत्याशिवाय झालं. साधी पत्रिका नाही. लग्नाच्या दिवशी मी म्हटलं, मावशी, आज सुट्टी घ्या. तर नळावर बसून पाय धूत होत्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ धूत होत्या, पोरं कंटाळली.

सरस्वती आणि हर्षदा आता प्रमिलाबाईंच्याच खोलीत राहतात. दुसरं कुठे जातील? पहिले तीन महिने सरस्वती आत्याशी एक शब्द बोलली नाही. त्यांचंच खायची, त्यांच्याच शेजारी झोपायची आणि बोलायची नाही. प्रमिलाबाईंनी त्याबद्दलही कधी तक्रार केली नाही. हर्षदाचा पाय बरा झाला. चमचा मात्र ती हातात घेत नाही, खिचडी हाताने खाते. पट्टीवर अजून तिची गाठ हलकीच असते, आणि प्रमिलाबाई अजून मागे वळून बघतात. बरी झाली, सुधारली, असं मी लिहिणार नाही. एकदा "घरगुती उपचार" लिहून बसलेय, आता कलमावर माझा भरवसा नाही.

मागच्या महिन्यात प्रमिलाबाईंच्या निवृत्तीच्या कागदावर अंगठा घ्यायला मी त्यांच्याकडे गेले. रविवारची दुपार. सुकलालभाऊ रात्रीची पाळी करून जमिनीवर आडवे, तोंड उघडं, घोरणं चालू. सरस्वती टिकल्या लावत होती. हर्षदा त्यांच्या डोक्याशी बसली होती, मांडीवर तीच स्टीलची थाळी, हातात लाटणं. आणि ती वाजवत होती. हळू, घाबरत, पण वाजवत होती. ठण्. थांबायची, आजोबांकडे बघायची. ठण्. प्रमिलाबाई चहा टाकत होत्या, त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

मी चप्पल काढली, आत आले, आणि तोंडातून निघून गेलं, "हर्षू, हळू. आजोबा उठतील."

लाटणं थांबलं. तिने थाळी उलटी करून पोटाशी धरली, दोन्ही हातांनी, जशी सव्वीस जानेवारीला धरली होती. चेहरा पाटीसारखा कोरा झाला. सरस्वतीचा हात साडीवर तसाच राहिला. मी कुठे उभी आहे हे मला कळेना.

"काय बोलनी तू?" प्रमिलाबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी त्या आवाजात बोलल्या नव्हत्या. गुडघे धरत त्या आल्या, पोरीच्या हातातून थाळी सोडवून घेतली, नवऱ्याच्या कानाशी नेली आणि तळहाताने धाडधाड बडवली. "उठस का तो? देख. उठस का?" पुन्हा बडवली. सुकलालभाऊंनी कूस बदलली आणि घोरू लागले. पस्तीस वर्षांच्या लूमने त्यांना दिलेली ती झोप.

प्रमिलाबाईंनी थाळी पोरीच्या मांडीवर ठेवली, लाटणं ठेवलं आणि चहाकडे गेल्या. हर्षदाने त्याला हात लावला नाही. ती माझ्याकडे बघत होती. आजीकडे नाही, आईकडे नाही, माझ्याकडे. बक्षीस मी दिलं होतं.

"वाजव," मी म्हटलं. "वाजव बाळा. मी चुकले. ही थाळी वाजवायचीच आहे."

तिने लाटणं उचललं. मग लाटण्याने एक टिचकी मारली. आजोबांचं तोंड पाहिलं. माझं पाहिलं. दुसरी मारली, थोडी मोठी. मग तिने लाटणं दोन्ही हातांत धरलं.